भोपळ्याची सीट

"दोन सीटचे द्या, मावशी," मिरज स्टँडबाहेर वडापवाला म्हणाला, तेव्हा कोणाला म्हणतोय ते बघायला मी मागं वळले. मागं कोणी नव्हतं. मावशी मीच होते आणि दुसरी सीट माझ्या तंबोऱ्याची होती.

सतारमेकरांच्या गल्लीतून जवारी काढून, म्हणजे तारांची झणक नीट करून, आणलेला तंबोरा. मी म्हटलं, अरे, वाद्य आहे ते, सामान नाही. तो म्हणाला, सामान असतं तर टपावर टाकलं असतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हेही सांगून पाहिलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मग तर फुल्लच तिकीट." दिले पैसे. आणि पुढच्याच चौकात त्यानं एका धोतरवाल्या मामांना चढवलं ते थेट तंबोऱ्याच्या जागेवर. तंबोरा माझ्या मांडीवर आला. पैसे अर्थातच खिशातून परत आले नाहीत. हे लिहितानाही माझा घसा तापतोय.

मामांनी आधी खोळीवरूनच भोपळा चाचपला. मग न विचारता बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला, डोळे मिटले. मला वाटलं, जाणकार भेटला.

"झकास वाळलाय," मामा म्हणाले. "मंगळवेढ्याचा न्हवं?"

मी चाटच पडले. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनंच येतात.

"आमच्या व्याह्यांच्यात लावत्यात. कडू असतोय, गुरं तोंड लावत न्हाईत. किती लिटर बसतंय ह्याच्यात?"

"काही भरत नाहीत मामा. पोकळच ठेवतात, आवाज घुमायला."

"पोकळच घुमतंय की समदीकडं." मामांची नजर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होती. "वाजवून दावा की."

नको म्हणायला हवं होतं, पण ताजी जवारी गप्प बसू देत नाही. घोडीची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीची, पाठ अशा बेतानं घासलेली असते की तार तिला निसटती चाटून जाते. तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकला की त्या एका तारेतून बाकीचे सूर वर यायला लागतात. हे कानानं करायचं काम आहे, आणि ते करणारी माणसं माझ्या घरापासून वडापच्या अंतरावर आहेत याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मी खोळीची चेन उघडली. चार तारा: पंचम, जोड, जोड, खर्ज. पुन्हा पंचम, जोड, जोड, खर्ज. वडापमधली कॉलेजची पोरं मोबाइलमधून वर बघायला लागली.

मामांनी वाट पाहिली. बरीच पाहिली.

"गाणं कवा येतंय?"

"ह्याच्यात गाणं वाजत नाही मामा. एवढंच वाजतं."

"एवढंच?"

"हो."

"दिवसभर?"

"हो."

मामा खिन्न झाले. "आमच्या सोसायटीचा चेअरमन असाच हाय. चारच वाक्यं, फिरून फिरून तीच. पर त्याला मीटिंगचा भत्ता मिळतोय. तुमी ह्याचं वर तिकीट काढलंया." पोरं खिंकाळली. "मग गाणं म्हनतंय कोण?"

"मी."

मामांनी मला चपलेपासून केसांच्या पांढऱ्या बटेपर्यंत पाहिलं. "ल्हानपनी ऱ्हायलं व्हय शिकायचं?" तेराव्याला आलेला माणूस बोलतो त्या सुरात. आणि लगेच, "म्हना की मग एकादं!"

"अजून शिकतेय हो."

"आता कवा येनार!" असं म्हणून मामा विश्रामबागेला उतरले. उतरताना भोपळ्याला एक शेवटची टिचकी मारली.

बाजाची पेटी घेतली असती तर बरं झालं असतं. पेटी मुकाट मांडीवर बसते, तिला कोणी सीट लावत नाही. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, तरी आमच्याकडच्या भजनीमंडळांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

पण मामांचं ते 'आता कवा येनार' काही डोक्यातून जाईना. कारण ते एकटे नव्हेत. गाण्याच्या पहिल्या, प्रारंभिकच्या परीक्षेला गेले तेव्हा बाकावरच्या एका बाईंनी प्रेमानं विचारलं होतं, "तुमची मुलगी आत आहे का?" माझा नंबर पुकारला तेव्हा त्यांनी डबा बंद करून माझ्याकडं पाहिलं.

आणि शिकायला काय कमी आहे हो? फोनमध्ये कुठल्याही पट्टीचा तंबोरा वाजतो, लय हवी तेवढी धरणारा तबला वाजतो. भातखंड्यांची पुस्तकं आहेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं विष्णू दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी गाणं होतं, कोणीही जाऊन बसावं. त्यांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, भाजी चिरता चिरता चार होतात. ऐकायची ददात अजिबात नाही. पण बेसूर व्हायचं कुठं? माझा गंधार, म्हणजे 'ग', चढतो. तो खाली यायला त्याला रोज तासभर चढू द्यावं लागतं, आणि ते चढणं शेजाऱ्यांना ऐकू जातं. हॉल बारशाला मिळतो, हळदीकुंकवाला मिळतो, रियाजाला विचारलं की व्यवस्थापक विचारतात, किती लोक येणार? गणपतीत भिंती हादरवणाऱ्या डॉल्बीपुढं नाचणारे आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी माझ्या काळी चार पट्टीतल्या 'सा'बद्दल मात्र लेखी तक्रार घेतात. घेतात म्हणजे स्वतःच लिहितात, स्वतःच घेतात.

परवा त्यांनी तोडगा काढला. संध्याकाळी पार्किंगमध्ये बसा, पाण्याच्या मोटारीशेजारी, तिथं कोणाला त्रास नाही. बसले. मोटार सुरू झाली. ती नेमकी काळी चारच्या जरा खाली घुमते, इतकी जवळ की तंबोरा मिळवलेला असूनही माझा सा हळूहळू तिच्याकडं घसरतो. हे मी सेक्रेटरींना नीट समजावून सांगितलं. पट्टी, श्रुती, सगळं.

ते म्हणाले, "वहिनी, मग तंबोरा मोटारीला लावून घ्या ना."