‘नॉर्मल रेंज’वर एवढा भरवसा कशासाठी?

कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश वारंवार फिरताना दिसतो. रक्ताच्या अहवालात जो आकडा ठळक छापलेला असेल तो आजार समजावा, सगळे आकडे ‘नॉर्मल रेंज’मध्ये असतील तर निर्धास्त राहावे, आणि दोन तपासण्यांत फरक पडला तर लॅब चुकली असे धरावे, असे त्याचे म्हणणे. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत. दुसऱ्यामुळे तर प्राण्याचे उपचार लांबू शकतात.

पहिल्या विधानाचे उत्तर ‘नॉर्मल रेंज’ ठरवण्याच्या पद्धतीतच आहे. निरोगी प्राणी, शक्यतो किमान १२०, तपासून त्यांच्या निकालांपैकी मधले ९५ टक्के घेतले जातात. म्हणजे सुमारे ५ टक्के निरोगी प्राणी मुळातच बाहेर राहतात. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत कुत्र्याचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के असते. शिवाय ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट कमी असतात, वाढत्या पिल्लाचे अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत व हाडांतून रक्तात येणारे एक विकर) हाडांमुळे चढलेले असते, आणि दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही वाढते.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. क्रिएटिनीन घ्या; स्नायूंत तयार होणारा हा पदार्थ मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात. एका कुत्र्यात ते आठवड्यागणिक थोडेच हलते, पण एका कुत्र्यापासून दुसऱ्यात, स्नायूंच्या आकारमानानुसार, बरेच वेगळे असते. त्यामुळे अनेक कुत्र्यांवरून आखलेली पट्टी एकेका कुत्र्यासाठी फार रुंद ठरते. ज्याचे क्रिएटिनीन वर्षानुवर्षे ०.७ मिग्रॅ/डेसिलिटर होते त्याचे १.३ झाले, तर अनेक लॅबच्या अहवालात काहीही ठळक होणार नाही. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मात्र तोवर जवळपास निम्म्यावर आलेली असू शकते. असे घटक ओळखण्यासाठीच जैविक चढउतारांचा अभ्यास होतो. निरोगी प्राण्यांचे रक्त ठरावीक अंतराने, शक्यतो दिवसाच्या ठरलेल्या वेळी व उपाशीपोटी घेतात, नमुने गोठवून ठेवतात आणि शेवटी एकाच खेपेत, प्रत्येकी दोनदा तपासतात. मग एकूण फरकापैकी यंत्राचा किती, त्याच प्राण्यातला किती आणि प्राण्या-प्राण्यांमधला किती, हे वेगळे काढता येते.

तिसऱ्या विधानाला हाच अभ्यास उत्तर देतो. लॅब कधी चुकते, हे खरे. मांजराच्या नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर यंत्र प्लेटलेट कमी मोजते, म्हणून काचपट्टीवर पाहावे लागते. पण समजा, एखाद्या घटकाची त्याच प्राण्यातली चढउतार १० टक्के आणि यंत्राची ३ टक्के आहे. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ २.७७ या ठरलेल्या गुणकाने गुणले की सुमारे २९ टक्के येतात. तेवढ्यापर्यंतचा फरक चूक नसतानाही आणि आजार नसतानाही पडू शकतो. त्याहून मोठा असेल तर त्याची दखल घ्यायला हवी. अर्थात हा हिशेब दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने झाल्या असतील तरच लागू पडतो, आणि त्यासाठी प्राणी धडधाकट असतानाचा जुना अहवाल पशुवैद्यकांसमोर असावा लागतो.