घरी मराठी बंद करा म्हणे!

आज भाचीच्या शाळेत ओपन हाऊस होतं. दादा-वहिनी तोंड पाडून परत आले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हिला वाक्यं जुळवता येत नाहीत, सूचना कळत नाहीत. तुम्ही घरी मराठी बंद करा, इंग्रजीतच बोला." तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो मॅडम, पोरीला मराठीतही तेच जड जातं! राणीच्या बागेची सहल झाली, त्या संध्याकाळी आजीला सांगत होती, "तो आला ना, मग त्याने ते घेतलं, मग सगळे हसले." कोण आला? काय घेतलं? आजी विचारतेय, ही हात नाचवतेय. शेवटी रुसून गॅलरीत जाऊन बसली. तिसरीतली मुलगी! कान तपासून झालेत, ठणठणीत आहेत. बेरीज-वजाबाकी पटापट करते, शाब्दिक उदाहरण आलं की अडते.

स्पीच थेरपिस्टने याला नाव दिलंय, डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे भाषा समजणं आणि वापरणंच जड जाणं. शंभरात साधारण सात मुलांना असतो. म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. ऑटिझमपेक्षा कितीतरी जास्त, एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) साधारण बरोबरीने. ऑटिझम आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे, चांगलंच आहे. पण हे पोर ना ओरडत, ना वर्गातून पळत. गप्प बसतं. मग 'ढ', 'आळशी', 'लक्ष नसतं'. बरं, लक्षाचा प्रश्न आणि भाषेचा प्रश्न एकाच मुलात असणंही नेहमीचं, वाचनही बऱ्याचदा सोबत अडखळतं. एक लेबल चिकटलं की दुसरं कुणी शोधत नाही.

आणि दोन भाषांमुळे हा त्रास होत नाही. ज्याला होतो त्याला दोन्ही भाषांत होतो. राणीच्या बागेतला तो 'तो' इंग्रजीत 'he' झाला असता, एवढंच. वर आजीशी बोलणंही संपलं असतं. तिला इंग्रजी येत नाही.

हो, काही मुलं उशिरा बोलतात आणि आपोआप सुधारतात, मान्य. मोबाईल हातात देऊन घरात गप्पा बंद होतात, तेही मान्य. पण तिसरीतल्या मुलीला 'बोलेल हळूहळू' म्हणून सोडायचं?

सरकारी कागदावर सगळं आहे हो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे. शिक्षकांपर्यंत यातलं काय पोचतं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या बाईंच्या वर्गात पन्नास पोरं आहेत आणि बी.एड.ला त्यांना हे कुणी नीट शिकवलं असेल असं वाटत नाही. त्यांनी निदान काहीतरी खटकतंय हे ओळखलं. आधीच्या दोघींनी तेवढंही केलं नव्हतं.

सोमवारी दादा थेरपिस्टचा रिपोर्ट घेऊन शाळेत जातोय. शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तो वर्गशिक्षिकेला द्यावा की थेट मुख्याध्यापकांना? सूचना एकेक करून द्या, फळ्यावर लिहा, उत्तराला वेळ द्या, एवढंच मागायचं आहे. कुणी असं मागितलं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. आणि 'आमचा बंड्या पण उशिरा बोलला' ही कमेंट कृपया नको.