रिकामा नव्हता हा देश

आज एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. जानेवारीच्या लाँग वीकेंडला संक्रांत उरकायची, ही आम्हा मेलबर्नकरांची जुनी सोय. तिळगूळ हातात असतानाच एक बाई म्हणाल्या, "आता हे येणं बंद केलं पाहिजे. कोणीही उठतो आणि येतो. आपण आलो तेव्हा निदान दर्जा होता." वर आणखी, "इंग्रज ऑस्ट्रेलियात आले तेव्हा इथे होतं काय? नुसतं रान!" दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून तिथे दोन वाक्यांत आटपलं. इथे आटपणार नाही.

रान? किमान ५०,००० वर्षं माणसं राहतायत इथे. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती, तरी मधलं पाणी ओलांडूनच यावं लागलं. मंगो सरोवराकाठी सापडलेले माणसांचे अवशेष सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीचे आहेत. अजिंठ्याच्या दोन हजार वर्षांनी आपली छाती फुगते ना? मग हे रान कसं?

आणि दर्जाचं म्हणाल, तर २६ जानेवारी १७८८ ला सिडनीला लागलेल्या ११ जहाजांत सातशेहून जास्त कैदी होते. १८६८ पर्यंत असे सुमारे १,६२,००० आणले. पहिली जहाजं आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १७८९ मध्ये, सिडनीच्या मूळ रहिवाशांत देवीची साथ पसरली, माणसं पटापट मेली. आणि ही जमीन कोणाचीच नव्हती, हे थोतांड कोर्टानं मोडीत काढलं ते थेट १९९२ मध्ये, एडी माबो या मूळ रहिवाशाच्या जमीनहक्काच्या खटल्यात!

माझ्या शेजारी एक ग्रीक आजी राहायच्या. लग्न होऊन नुकत्याच जहाजानं आलेल्या, नंतर जन्मभर कारखान्यात शिवणकाम. ट्रॅममध्ये बहिणीशी ग्रीक बोलल्या की मागून कोणीतरी ओरडायचं, "इंग्रजीत बोला!" मी इथे नवी होते तेव्हा कुंपणावरून पहिली लिंबं मला त्यांनीच दिली.

आजींच्या आधीही हेच. १८५१ मध्ये सोनं सापडलं, चिनी माणसं आली. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीनं, म्हणजे आपलं मेलबर्न जिथे आहे त्या प्रांतानं, फक्त त्यांच्यावर डोई १० पौंड कर लावला. मग ती साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरली आणि शेकडो किलोमीटर चालत खाणींवर पोचली. बलुचिस्तान, सिंध, पंजाबातून उंटवाले आले. वाळवंटातलं सामान, लोकर, सगळं त्यांच्या उंटांनी वाहिलं. सरसकट 'अफगाण' म्हणून त्यांना गावाबाहेर ठेवलं. क्वीन्सलंडच्या उसात राबायला पॅसिफिक बेटांवरून ६०,००० हून जास्त माणसं आणली, कित्येकांना फसवून, पळवून. ऊसतोडीला माणसं कशी नेतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९०१ मध्ये गोऱ्यांचाच देश हवा म्हणून कायदे झाले आणि तेव्हा इथे असलेल्या या बेटांवरच्या बहुतेक मजुरांना परत धाडलं. नव्यानं येऊ पाहणाऱ्या बिगर-गोऱ्यांना अडवायला श्रुतलेखनाची परीक्षा, तेही अधिकाऱ्याला वाटेल त्या युरोपीय भाषेत! या धोरणाचे शेवटचे अवशेष १९७३ मध्ये गेले. त्याआधी त्या बाईंना आणि मला कोणी दारात उभं केलं असतं?

१९७५ नंतर व्हिएतनामी कुटुंबं आली. आजी सांगायच्या, त्यांच्याच गल्लीतले ग्रीक म्हणायला लागले, "आता फार झाले." त्यांचा नवराही म्हणाला. आजींनी त्याला ट्रॅमची आठवण करून दिली आणि वांगी घेऊन नव्या शेजारणीकडे गेल्या. आजी आता नाहीत. आज त्यांची फार आठवण आली.

घरं परवडत नाहीत, ट्रेन तुडुंब भरतात, मान्य. पण त्यासाठी धोरणं ठरवणाऱ्यांना धरा, काल विमानातून उतरलेल्या पोराला कशाला?

खरा राग वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर २०२३ ला मूळ रहिवाशांना संसदेपुढे म्हणणं मांडणारी संस्था राज्यघटनेत द्यावी का, यावर मतदान झालं. सुमारे ६० टक्के लोक 'नाही' म्हणाले. त्या दिवसांत आपल्याच मराठी ग्रुपवर लोक लिहीत होते, "आपला काय संबंध?" अहो, १८३५ मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतदारानं इथल्या मूळ लोकांना चादरी, चाकू, आरसे, पीठ देऊन मेलबर्नची जमीन 'विकत' घेतली. गव्हर्नरनं तो करारही रद्द केला, कारण त्याच्या लेखी जमीन राजाची होती, ती विकायचा त्या लोकांना हक्कच नव्हता. त्याच जमिनीच्या तुकड्यावर आपण तीस-तीस वर्षांची कर्जं काढून घरं बांधलीत. संबंध नाही म्हणवतं तरी कसं?