काकांचा सोवळ्यातला प्लेअर

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकांचा सीडी प्लेअर भलताच सोवळ्यातला आहे. दुकानातली सीडी बिनतक्रार गातो, पण घरी केलेली सरकवली की आधी घरघरतो, आतल्या आत कुरकुरतो आणि मग पडद्यावर 'नो डिस्क' लिहून मोकळा होतो. पेनड्राइव्हवर गाणी देतो म्हटलं, तर काका म्हणाले, "घालू कुठे? दाखव भोक." बिनतोड मुद्दा.

काकांना हवे होते ख्यालगायक अमीर खाँसाहेब. इंदूरच्या माणसाला कानासाठी खाँसाहेब आणि पोटासाठी सराफ्यातली खाऊगल्ली, एवढं पुरतं.

शेजारच्या इंजिनिअर मुलाने एमपीथ्रीच्या फायली जशाच्या तशा सीडीवर ओतून दिल्या. ७०० एमबीत बारा तास गाणं! काका खूश, प्लेअर ढिम्म. त्याच्या जन्मकाळी एमपीथ्री कुणी ऐकलंच नव्हतं. त्याला सोनी आणि फिलिप्सने १९८० साली ठरवलेलीच ऑडिओ सीडी लागते : सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, आणि सगळं मिळून फार तर ८० मिनिटं. बारा तासांतले कुठले राग गाळायचे यावर काका-काकूंचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

रीतसर ऑडिओ सीडी केली, तरी 'नो डिस्क'. मुलाने दिलेली चकती आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, निघाली. तिच्यावरून लेझरचा उजेड इतका कमी परततो की जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही. जेल रोडच्या दुकानात साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आर मागितल्या. दुकानदार धूळ झटकत म्हणाला, "भिया, अभी तक चला रहे हो?" सीडी लिहिण्याचा वेग ५२ वरून १६ वर आणला, शेवटी सीडी बंद करणाऱ्या 'फायनलाइज'वर खूण केली, आणि प्लेअर गायला लागला.

पण ख्याल दोन फायलींत होता आणि सॉफ्टवेअरने दोन ट्रॅकच्या मध्ये आपणहून दोन सेकंदांची शांतता घातली. अतिविलंबित झूमरा, चौदा मात्रांचा ताल, चौदावी मात्रा सरत आलेली, सम तोंडावर, आणि खाँसाहेब गप्प! मला राहवेना. सगळी सीडी एका दमात लिहिणारं 'डिस्क-ॲट-वन्स' लावून, मधली जागा शून्य करून नवी सीडी काढली.

काकांनी ती डोळे मिटून ऐकली आणि परत केली.

"पहिलीच दे रे. ह्या सीडीत खाँसाहेब समेवर यायची घाई करतात."