खुलासा : अपुऱ्या ओलीतली पेरणी मक्याला काटक बनवत नाही

‘मका कमी ओलीत पेरा, तहानेने मुळं खोल जातात आणि पीक काटक होतं’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

मक्याच्या दाण्याला मोड फुटण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 ते 35 टक्के पाणी शोषावं लागतं. तेवढी ओल नसेल तर दाणा नुसता फुगतो आणि बुरशीच्या तावडीत सापडतो. मूळ बाहेर पडल्यावर तर परतीची वाट उरत नाही. कोरडं बी महिनोन्महिने टिकतं, पण मोड आलेलं बी पुन्हा वाळलं की मरतं. जे उगवतं तेही मागेपुढे, आणि मागाहून आलेली रोपं शेजारच्या मोठ्या रोपांच्या सावलीत कायमची खुजी राहतात.

मुळांचं काय? पाण्याच्या ताणात पानांची वाढ मुळांच्या आधी मंदावते. त्यामुळे शेंड्याच्या मानाने मुळांचा वाटा वाढलेला दिसतो. मात्र रोपाचं एकूण वजन घटलेलंच असतं. शिवाय मक्याला पुढे पोसणारी मुळं खोडाच्या तळच्या पेऱ्यांतून, जमिनीच्या वरच्या थरात फुटतात. तो थर कोरडा ठक्क असेल तर ती तिथेच वाळतात आणि रोप वाऱ्याने कलंडतं.

रोप नीट रुजल्यावर आलेला थोडा ताण वेगळा. पाच-सहा पानांपर्यंत मक्याचा वाढबिंदू, म्हणजे नवी पानं जिथून फुटतात तो भाग, जमिनीखाली असतो, त्यामुळे कोमेजलेलं रोप पाण्याने सावरू शकतं. पेरणीच्या वेळी मात्र बियाच्या खोलीवर, साधारण 5 सेंटिमीटरवर, माती ओलसर आहे ना हे उकरून पाहा.