गुणी माणसाने कॅनडाला कसं जावं

कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, काढायचं ठरवलं असेल तर सगळ्यात आधी वाढदिवस साजरे करणं बंद करा. २०१५ पासून तिथे एक्स्प्रेस एंट्री नावाचा कारभार चालतो. त्यात माणसाला १२०० पैकी गुण देतात, जास्त गुणवाल्यांना अर्ज करायचं बोलावणं येतं, आणि वयाचे पुरते गुण मिळतात ते विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत. तिशी लागली की दर वर्षी पाच-सहा गळतात, चाळिशीनंतर दहा-अकरा, आणि पंचेचाळिसाव्याला भोपळा. आपल्याकडे या वयात माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो, चार लोक त्याचं ऐकायला लागतात. मला पस्तिसावं लागलं त्या रात्री बायकोने बरोब्बर बारा वाजता केक पुढे केला आणि सुरी हातात देताना हळूच म्हणाली, "पाच गेले."

नात्यांकडेही नव्याने बघायला शिका. बायको सोबत येणार असेल तर तिचं शिक्षण, तिचं इंग्रजी आणि कॅनडातला अनुभव मिळून तिचे जास्तीत जास्त ४० गुण. कॅनडात काम केलेलं नसेल तर ३०. सात जन्मांच्या साथीला ३०, म्हणजे जन्मामागे चार आणि वर थोडे पैसे. घासाघीस करू नका, भाव ठरलेला आहे. सख्खं भावंड तिथे स्थायिक असेल तर १५, आणि यात बायकोचा भाऊसुद्धा धरतात. ज्या मेहुण्याशी लग्नातल्या कानपिळीनंतर तुम्ही धड बोलला नाहीत त्याला आजच फोन लावा. चुलतभावाला शून्य आहे, त्याला दिवाळीचा मेसेज फॉरवर्ड केला तरी पुरे.

भाषेचं म्हणाल तर दहावीत गुण मिळतात म्हणून तुम्ही संस्कृत घेतलंत, तिथेच चुकलं. घ्यायचं होतं फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांसाठी २०२३ पासून बोलावण्याच्या वेगळ्या फेऱ्या निघतात आणि इतरांना जिथे ५०० च्या वर असूनही ताटकळावं लागतं तिथे यांना ४०० च्या खालीही बोलावणं येतं. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर नवराबायकोने समोरासमोर बसून नाकातून बोलायचा सराव करावा. शेजारी समजतात सर्दी झालीय. जुन्या लोकांकडून १३ फेब्रुवारी २०२१ ची कथाही ऐकून घ्यावी लागेल. त्या दिवशी आधीच कॅनडात काम केलेल्या २७,३३२ जणांना बोलावणं गेलं, तेही ७५ गुणांवर! स्वस्ताईत सोनं घेतलेले काका बोलतात त्याच सुरात हे लोक बोलतात. आपण मान डोलवायची.

मग कागदपत्रं. इथे सावकाश घ्या, कारण तुमचं कौशल्य काय ते इथेच पणाला लागतं. बारा वर्षं तुम्ही पंपांचं डिझाइन केलंत, ते पंप चालतात का हे कुणी विचारत नाही. विचारतात ते नाव. मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, तुम्ही आणि वडील एकत्र. पदवीच्या प्रमाणपत्रावर वडिलांना एक 'ए' जास्तीचा. बायकोची तर तीन नावं: माहेरचं, सासरचं, आणि सासूबाईंनी हौसेने ताटातल्या तांदळात लिहायला लावलेलं, जे कुणा उत्साही माणसाने रेशनकार्डावरही चढवून टाकलं. ही सगळी माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प बंद झालाय, पाचशेचा आणा. एकच व्यक्ती असणंही महागलंय.

पदवी कॅनडाच्या तोडीची आहे की नाही हे तपासून घ्यायचं असतं, त्याला ईसीए म्हणतात. त्यासाठी विद्यापीठाने ट्रान्स्क्रिप्ट लिफाफ्यात घालून, चिकटवून, जोडावर सही-शिक्का मारायचा. खिडकीतल्या बाई विचारतात, "कशाला पाहिजे?" कॅनडाला, असं सांगू नका. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, त्यांचा भाचा कसा गेला आणि कसा परत आला ते पहिल्यापासून सांगितलं, आणि मग जेवणाची सुट्टी झाली.

कंपनीकडून कामाचं पत्र लागतं. हुद्दा, पगार, आठवड्याचे तास, आणि तुम्ही नेमकं काय करत होता ते सविस्तर. एचआर दोन ओळी देतं: अमुक ते तमुक कामाला होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. पूर्वी कॅनडातल्या नोकरीच्या ऑफरला ५०, मोठं पद असेल तर २०० गुण होते. ती ऑफरची पत्रं विकत मिळायला लागली, म्हणून २५ मार्च २०२५ पासून सरकारने ते गुणच काढून टाकले.

पैशांचं आणखी नाजूक. गुजराण करण्याइतकी रक्कम खात्यात दाखवायची, आणि ती उसनी चालत नाही. भेट चालते. तेव्हा सासऱ्यांनी मुदतठेव मोडायची आणि "परतफेडीची अपेक्षा नाही" अशा मजकुराखाली सही करायची. सासरे सही करतात. त्या वाक्याचा अर्थ पुढच्या प्रत्येक दिवाळीला तुम्हाला नव्याने समजावून सांगितला जाईल.

बोलावणं आलं की ६० दिवसांत सगळा अर्ज भरायचा. त्यात गेल्या दहा वर्षांचा हिशेब, मध्ये एका महिन्याचीही फट चालत नाही. २०१७ च्या जून ते सप्टेंबर काय करत होता? "काही नाही" हे उत्तर आपल्या घरात कधी चाललेलं नाही, तिथे मात्र बेरोजगार होतो असं लिहिलेलं चालतं. न लिहिलेलं चालत नाही. कुठल्या संघटनेत होता तेही विचारतात. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार होतात, ते लिहून टाका. मंडळाबद्दल तुम्हाला कुणी लेखी विचारण्याचा हा पहिलाच प्रसंग.

उतरताना सामानाची किमतीसकट यादी द्यावी लागते, सोबत आणलेलं वेगळं, मागून येणारं वेगळं. आईने भरलेल्या बॅगेची यादी इंग्रजीत करून बघा एकदा. माझ्या पुरणयंत्रापाशी अधिकारी थांबला. हे काय? म्हटलं, शिजवलेली डाळ दाबून बारीक करायचं यंत्र. त्याने हँडल दोनदा फिरवून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर का? त्या देशात माझ्या कौशल्याची दखल कुणी घेतली ती तेवढीच. कारण इंजिनिअर म्हणून गुण देतं ओटावातलं केंद्र सरकार, इंजिनिअर म्हणवून घ्यायचा परवाना देतो प्रांत, आणि नोकरी देणारा दोघांनाही ओळखत नाही. तो एवढंच विचारतो, कॅनडातला अनुभव किती? परवाच उतरलोय, हे खरं उत्तर टाळा.

आता तुम्ही कायमचे रहिवासी झालात. कायमचे म्हणजे कार्डावर पाच वर्षं. त्या पाचांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात, आणि पुढे नागरिक व्हायचं असेल तर १,०९५. एक्सेलची फाइल उघडा: गेलो तो दिवस, आलो तो दिवस. गावाकडे शेत घ्यायचा विचार असेल तर तो निघायच्या आधीच करायला हवा होता; परदेशी राहायला गेलेल्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि तिथला नागरिक झाल्यावर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावरही नाही. वारशाने मिळते, पण तो विषय आईवडिलांसमोर काढू नका.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तर तारीख आधी एक्सेलमध्ये बघावी, मग पंचांगात. आमच्या गुरुजींनी मे महिन्यातला मुहूर्त काढला होता आणि फाइल म्हणत होती, तुमचे १,०९५ भरतात ऑगस्टमध्ये. ऑगस्ट म्हणजे चातुर्मास. पण गुरुजींकडे काढीव मुहूर्त असतातच. दक्षिणा डॉलरमध्ये देईन म्हटल्यावर त्यांना दोन सापडले.