वही लिहून गाठ विरघळत नाही

फोंडा-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय: कॅन्सरच्या रुग्णाने घरी रोज वही लिहिली की मन शांत होते, गाठ विरघळते, गोळ्याही सोडता येतात.

यातला मनाचा भाग तेवढा अर्धा खरा. ‘मार्गदर्शित स्वमदत’ नावाची पद्धत आहे. पुस्तिकेतले छोटे पाठ रुग्ण स्वतः करतो: कोणत्या विचाराने झोप उडते, आवडीचे कोणते काम सुटले, ते पुन्हा थोडेसे कसे धरायचे. अधूनमधून प्रशिक्षित माणूस त्याच्याशी बोलतो. मजकुरातून नेमके हेच गळाले. हा माणूस डॉक्टरच हवा असे नाही. गोव्यातच ‘संगाथ’ संस्थेने आरोग्य केंद्रांत साध्या समुपदेशकांकरवी ६ ते ८ बैठकांत नैराश्यावर उपचार केले, २०१७ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. (ते रुग्ण कॅन्सरचे म्हणून निवडलेले नव्हते, हेही सांगायला हवे.)

गाठीवर याचा उपाय नाही. केमो, गोळ्या चालूच ठेवा. जीव नकोसा वाटू लागला तर वही राहू दे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही उचलतात.